बेडकाच्या पेशी आणि पितराची घागर

परभणीच्या उन्हाळ्यात बेडकाच्या पेशी जगवायच्या म्हणजे हौसेनं डोक्याला ताप करून घेणं. उंदराच्या, माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्यांचं बरं असतं. त्यांच्या पेशींना ऊब लागते आणि ऊब देणारं यंत्र कुठंही मिळतं. बेडकाच्या पेशींना लागतो माठातल्या पाण्याइतका गारवा. खोली तापली की त्या आधी फुगतात, मग सुरकुततात आणि दुसऱ्या दिवशी फ्लास्कच्या तळाशी नुसती भुकटी दिसते. आमच्याकडं एप्रिल लागला की माणसंच दुपारी दारं लावून पडून राहतात, तिथं या नाजूक पाहुण्यांची काय कथा.

मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर पेडगावचं. गावात कुणी विचारलं की आई सांगते, "आमची लेक बेडकं कापायलीय." मी कितीदा चिडून सांगितलं, की मी बेडूक कापत नाही, माझ्याकडं बेडूकच नाही. त्यावर ती म्हणते, "मग इतकी वर्सं करायलीस तरी काय?" तिला एकदा नीट बसवून सांगितलं होतं, तेच इथं सांगते.

आफ्रिकेत बेडकाची एक जात आहे, जन्मभर पाण्यात राहणारी. फार पूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत अशा एका बेडकाच्या गळ्याजवळच्या ग्रंथीत गाठ झाली. गाठ कसली, तर रोगाशी लढणाऱ्या पेशींचीच. म्हणजे शरीराची राखण करायला ठेवलेलेच फितूर झाले. बेडूक मेला. गाठीतल्या पेशी मात्र पोषक द्रवात टिकल्या, वाढल्या, एका फ्लास्कातून दुसऱ्यात, एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या आणि फिरत फिरत परभणीला माझ्या टेबलावर आल्या. मूळ बेडूक मरून किती काळ लोटला, पण त्याची गाठ अजून जिवंत आहे. आई हे ऐकून म्हणाली, "शिव शिव," आणि भाजी निवडायला लागली.

शरीरातल्या बहुतेक पेशींच्या अंगावर ओळखीची एक खूण असते. राखणदार ती तपासतात, गडबड दिसली की त्या पेशीला मारतात. माझ्या या गाठीच्या पेशींनी ती खूणच पुसून टाकलेली होती, म्हणून तर त्या लपून राहू शकल्या. चार वर्षं मी त्या वाढवत होते, आणि चौथ्या वर्षी माझ्या एका फ्लास्कमधल्या पेशी ती खूण पुन्हा दाखवायला लागल्या. लपलेला चोर स्वतः होऊन दिव्याखाली येऊन उभा राहावा, तसं झालं. का, ते मला कळलं नव्हतं. ते कळलं तर अशी गाठ उघडी कशी पाडायची याचा एक धागा हाती लागणार होता. मूळच्या पेशी मागवल्या तर पुन्हा मिळाल्या असत्या. या मिळाल्या नसत्या, कारण माझ्या खोलीबाहेर त्या कुठंच नव्हत्या.

त्या वर्षी अक्षय तृतीया आठ-नऊ दिवसांवर आली होती. शनिवारी दुपारी वावधान सुटलं, कुठं तरी तारा तुटल्या आणि वीज गेली ती रविवार उलटला तरी आली नाही. इन्व्हर्टरनं जमेल तेवढा दम धरला. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर आली आणि मी समजून चुकले. फ्लास्क एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळीकडं भुकटी.

मी चिडले, वीज कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण घाबरले नाही. त्याच पेशींच्या तीन कुप्या मी गोठवून ठेवल्या होत्या. गोठवलेल्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात, फक्त त्यांना द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि आमच्याकडं तो हमखास कुठं मिळत असेल तर जनावरांच्या दवाखान्यात. गायी-म्हशींच्या रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या तिथं नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात. आमच्या कॉलेजचं भांडं बिघडलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांना विनंती करून मी माझ्या कुप्या त्यांच्या भांड्यात ठेवल्या होत्या. डॉक्टर हसून म्हणाले होते, "वळूंच्या शेजारी बेडूक. ठेवा की, भांडत नाहीत ते."

मी दवाखान्यात गेले. डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. मोठ्या भांड्याचं झाकण उघडून शिपायानं आतली नळकांडी वर काढली, तर एक नळकांडं नव्हतंच. नेमकं माझ्या कुप्यांचं. बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यानं सकाळीच फिरतीचं लहान भांडं भरलं होतं आणि हाताला लागलं ते नळकांडं त्यात घालून तो मोटारसायकलवर जिंतूरकडं गेला होता. माझ्या कुप्या कांड्यांच्या खाली होत्या, त्याला दिसल्याही नसतील. त्याचा फोन लागेना. शिपाई म्हणाला, "येतील की संध्याकाळपत्तर. एवढं काय घाई?"

एवढं काय घाई! प्रत्येक कांडीसाठी ते नळकांडं भांड्याच्या तोंडाशी ओढायचं, आणि बाहेर भट्टी पेटलेली. दिवसभर खालीवर केलं तर माझ्या पेशी अर्धवट वितळत, पुन्हा गोठत मरणार. मी कॉलेजात रजा कळवली नाही, डबा घेतला नाही, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि जिंतूरच्या एसटीत बसले. वाटेत सारखी फोन लावत होते. शेजारच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "घरी कुनाचं कमीजास्त हाय का, माय?" मी नाही म्हणाले आणि मग मला वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

जिंतूरच्या स्टँडवर उतरले आणि फोन लागला. तो वालूरला होता. मी घाईघाईनं कुप्यांचं सांगितलं, तर पलीकडून मोठ्या समाधानाचा आवाज आला.

"त्या तुमच्या व्हय! म्याडम, फिकीरच करू नका. कुण्या तरी येड्यानं लसीच्या बाटल्या नायट्रोजनात टाकल्या हुत्या. लस कधी गोठवत्यात का? पार खराब हुती. आत्ताच मला दिसल्या, मी काढून थर्मासात बर्फात ठिवल्या. येकदम सेफ."

ते येडं मीच होते. आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. जनावरांच्या लशी बर्फात ठेवायच्या, गोठू द्यायच्या नाहीत, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं. लस वाचवायला म्हणून त्यानं धावपळ केली होती. लस असती तर वाचलीही असती.

"बरं, मग परत टाकू का नायट्रोजनात?" त्यानं विचारलं.

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की पाणपोईवरची माणसं वळून पाहायला लागली. "हात लावू नका. आहे तिथंच राहू द्या. मी येते."

पेशी गोठवताना त्यात एक रसायन घालतात, नाही तर आत बर्फाचे काटे होऊन पेशी फाटतात. गोठलेल्या असेपर्यंत ते रसायन त्यांना जपतं. एकदा वितळल्या की तेच त्यांचं विष होतं. बर्फात विष जरा सावकाश चढतं, एवढीच मेहरबानी. पुन्हा गोठवल्या तर उरल्यासुरल्याही जातील. लवकरात लवकर त्या धुऊन बेडकाला मानवेल अशा पाण्यात सोडणं, हा एकच मार्ग होता, आणि माझ्याजवळ ओढणी, पर्स आणि फोन यांशिवाय काही नव्हतं.

वालूरची काळी-पिवळी जीप उभी होती, पण भरल्याशिवाय हलायला तयार नव्हती. मी ड्रायव्हरशी भांडले. तो शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "म्याडम, तुमी येकट्या हाव का जायाच्या?" मग मीच स्टँडभर फिरून वालूर, वालूर म्हणून हाका मारल्या. माझ्या वर्गातला एखादा विद्यार्थी तिथं असता तर वर्षभर पुरेल इतकी करमणूक झाली असती. गाडी भरली, निघाली. खिडकीतून येणारा वारा फुफाट्यासारखा होता. मी सारखा हिशोब मांडत होते, की आता किती मेल्या असतील, आता किती. मला खूप भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो, म्हणून मी पूर्ण रस्ताभर कुणाशी ना कुणाशी मनात भांडत बसले.

तो मला गावाच्या कडेला एका गोठ्यात सापडला. चाळिशी ओलांडलेला, घामानं भिजलेला गृहस्थ. गायीचं काम उरकून हात धूत होता. गाय धरून एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. मी कुणालाच नमस्कार न करता थर्मास उघडला. बर्फाचं निम्मं पाणी झालेलं, त्यात माझ्या तीन कुप्या तरंगत होत्या. आतला द्रव पातळ, गुलाबी. पार वितळलेला.

"तुमच्याकडं सलाइन आहे?" मी त्याला विचारलं.

"गायीला लावायचं हाय की."

"इंजेक्शनची पावडर कालवायचं पाणी? नव्या सिरिंजा?"

त्यानं पेटी उघडून दाखवली. सगळं होतं. सलाइन माणसाच्या आणि गायीच्या रक्ताइतकं खारट असतं. बेडकाचं रक्त त्याहून अळणी. तीन भाग सलाइनला एक भाग शुद्ध पाणी घातलं की बेडकाच्या पेशींना चालण्याजोगं होतं. आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची जी पावडर तो जनावरांना टोचायचा, त्याच दोन औषधांची जोडी आम्ही पेशींच्या पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून थेंबभर घालतो. एका जनावरांच्या पेटीत माझी निम्मी प्रयोगशाळा निघाली. फक्त शेणाच्या गोठ्यात कुप्या उघडणं शक्य नव्हतं. मला एक ज्योत हवी होती. ज्योतीजवळची हवा वर चढते, तिथं जंतू कमी पडतात.

"मावशी," मी त्या बाईंना म्हणाले, "जरा तुमच्या स्वयंपाकघरात बसू द्या. गॅसपाशी."

"च्या करायचा का?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर माझ्या हाताकडं गेली. "काय हाय त्या बाटल्यांत?"

माझ्या मागून दवाखान्याच्या त्या माणसानं खाकरून मला खूण केली. औषध म्हणा, मोकळ्या व्हा, असं त्याला म्हणायचं होतं. मी म्हणूही शकले असते. पण मला खोटं बोलायला वेळ लागतो आणि त्या दिवशी तेवढाही वेळ नव्हता.

"बेडकाच्या गाठीतल्या पेशी आहेत. म्हणजे बेडकाचा कॅन्सर. माणसाला त्यानं काही होत नाही, लागण होत नाही."

त्यांनी गायीचं दावं खुंट्याला बांधलं. सावकाश, नीट गाठ मारून. मग आपल्या गळ्याला, कानाखाली हात लावला.

"आमच्या मालकाला हितंच आल्या हुत्या गाठी. आधी टीबीच्या म्हणून गोळ्या दिल्या. सा म्हैने गोळ्या खाल्ल्या. नांदेडला नेलं तवर लय पसरलं हुतं. पोळ्याच्या वक्ताला गेले."

हातातल्या कुप्या गार लागत होत्या आणि दर क्षणाला कमी गार होत होत्या.

"आन् तुमी ते जगवायला निघालाव?"

"हो," मी म्हणाले. आवाज कोरडा आला, तसा नको होता यायला.

"हे मेलं तर तुमचं काय जाईल?"

"चार वर्षं."

"जगलं तर माझं काय यील?"

मला त्या क्षणी पुष्कळ काही सुचलं. भाषणात आम्ही जे म्हणतो ते सगळं. पण मावशी माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहत होत्या. "काहीच नाही, मावशी," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं येईल का, तेही मला आज सांगता येत नाही."

त्या जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. मी मनात रस्त्यावरचं चहाचं हॉटेल शोधायला लागले. मग त्या वळल्या, घरात गेल्या, आणि आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला.

मी ओट्यापाशी उभी राहिले. त्या दारात, पदर तोंडाशी धरून. सलाइनची निम्म्याहून जास्त बाटली मोरीत ओतायला लावली, पाण्याच्या कुप्या एकामागून एक फोडून बाटलीत टोचल्या. दवाखान्याचा माणूस बाटली धरून होता. त्याला आता सगळं समजलं होतं आणि त्याचा चेहरा पडला होता.

"म्याडम, मला वाटलं लस हाय. आयशप्पथ."

"तुम्ही बरोबर केलंत," मी दातओठ खात म्हणाले. "बाटली हलवू नका."

वितळलेल्या पेशींवर पाणी एकदम ओतलं तर त्या फुगून फुटतात. म्हणून कुपीत एक थेंब टाकायचा, थांबायचं, हलकेच फिरवायचं, पुन्हा एक थेंब. घाई करायची नाही, आणि घाई तर एवढी. पंखा बंद करावा लागला होता, नाही तर ज्योत हलली असती. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि मला तो पुसता येत नव्हता. दुसऱ्या कुपीच्या वेळी मला थेंबच दिसेनासा झाला. तेव्हा दारातून मावशी आल्या आणि त्यांनी पदरानं माझं कपाळ पुसलं. ज्योतीपासून पदर मात्र जपून लांब धरला. तिसरी कुपी झाली. सगळं सुईनं बाटलीत सोडलं आणि मी गॅस बंद केला.

आता ती बाटली परभणीपर्यंत न्यायची होती. बर्फात ठेवली तर ताज्या वितळलेल्या पेशी लगेच मरत नाहीत, पण पुन्हा उठतही नाहीत. उघडी ठेवली तर शिजतील. माझी नजर कोपऱ्यातल्या रांजणाकडं गेली. रांजण बाहेरून पाझरून ओला झाला होता. हवा तो गारवा त्यात होता, पण रांजण काही मांडीवर घेऊन जाता येत नाही, म्हणून मी मावशींना विचारलं, रांजणातलं पाणी एखाद्या मातीच्या भांड्यात द्याल का.

"त्यातलं न्हाई," त्या पटकन म्हणाल्या. "त्यात आमी पितो."

मी मान डोलावली. वाईट वाटलं नाही, मीही नसतं दिलं. त्या मात्र उभ्याच राहिल्या. मग पलीकडच्या भिंतीशी गेल्या. तिथं तिवईवर एक नवी घागर होती, मुरायला म्हणून पाणी भरून ठेवलेली. कोऱ्या मातीचा वास येत होता. आमच्या भागात अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं अशी घागर भरतात. त्या दिवशी आधी त्याला पाणी द्यायचं, मग घरच्यांनी नव्या घागरीतलं प्यायचं. वर्षाच्या आतला माणूस असला तर ती घागर नुसती रीत राहत नाही, घरातल्यांचं तिच्याकडं सारखं लक्ष असतं. माझे वडील गेले त्या वर्षी आई त्या घागरीशी बोलायची, मी पाहिलं आहे.

"ही न्या," मावशी म्हणाल्या. "त्यांचीच हाय. त्यांच्या गळ्यात काय बसलं हुतं ते त्यांना कुनी नीट दावलं न्हाई. आता बगू द्या."

त्यांनीच घागरीच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवली, सुतळीनं बाटली बांधून पाण्यात सोडली, वरून ओलं पोतं गुंडाळलं.

"सनाच्या आधी परत आनून द्या. आन् ह्यातलं पानी पिऊ नका. कुनाला देऊ बी नका. आधी त्यांचं."

सेलूच्या जीपमध्ये मी घागर मांडीवर घेऊन बसले. गार ओलं पोतं पोटाला लागत होतं आणि घसा असा सुकला होता की थुंकी गिळवत नव्हती. सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि मांडीवर घागरभर गार पाणी हिंदकळत होतं. समोर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. लेकरू घागरीकडं बोट दाखवून रडायला लागलं.

"ताई, लेकराला घोटभर द्या की पानी," ती म्हणाली.

"नाही देता येत," मी म्हणाले.

मराठवाड्यात, त्या उन्हात, पाण्याला नाही म्हणणारं माणूस म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नाही. मागच्या बाकावरचा म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लेकराला पानी देईना. शिकल्याली दिसायलीय." मला कानशिलं तापलेली कळली. सलाइनचं, पेशींचं, गाठीचं सांगत बसले असते तर जीपमधून उतरवलंच असतं.

"पितराची घागर आहे," मी म्हणाले. "अजून त्यांना दिली नाही."

लेकराच्या आईनं झटकन त्याचा हात मागं घेतला. म्हाताऱ्यानं टोपी सारखी करून घागरीला हात जोडले. ड्रायव्हरनं आपली बाटली मागं दिली, लेकरू प्यालं, मग तीच बाटली कुणी तरी माझ्याकडं सरकवली. मी पाणी प्याले आणि मला रडू आलं. सबब म्हणून मी ते वाक्य बोलले होते आणि बोलल्यावर लक्षात आलं, की त्यात खोटं काहीच नव्हतं.

प्रयोगशाळेत पोहोचले तेव्हा वीज आली होती. पेशी यंत्रात गरगर फिरवून तळाला बसवल्या, त्यांचं नेहमीचं पोषण दिलं, एक थेंब काढून निळा रंग घातला. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पेशी पीत नाही. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर सगळं निळं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत निळं. मी काच हळूहळू सरकवत राहिले, आणि एका कोपऱ्यात काही पेशी स्वच्छ, गोल, चकचकीत दिसल्या. मोजायचं मी टाळलं. मोजल्या असत्या तर आशा सोडावी लागली असती.

पुढचे दिवस मी माणसांत नव्हते. गारव्याच्या यंत्रावरचा माझा विश्वास उडाला होता, म्हणून यंत्राशेजारी एक भरलेला माठ कायम तयार ठेवला. विद्यार्थ्यांवर खेकसले, आईचा फोन उचलला नाही. रोज सकाळी फ्लास्क पाहायचे आणि रोज त्या पेशी तशाच असायच्या. मेल्या नव्हत्या, वाढतही नव्हत्या. नुसत्या बसून होत्या.

सणाच्या आदल्या सकाळी घागर परत द्यायची म्हणून प्रयोगशाळेत लवकर गेले. निघण्याआधी पाहून घ्यावं म्हणून फ्लास्क धरला. तळाशी दोन पेशी एकमेकींना चिकटून होत्या. शेजारी आणखी एक जोडी. पलीकडं चौघींचा घोळका. एका पेशीच्या दोन होताना मधे जी कंबर पडते ती मला स्पष्ट दिसली. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, "आलात का गं!"

वालूरला मावशी अंगण सारवत होत्या. मला पाहून त्यांनी हात धुतले, घागर हातातून घेतली.

"जगलं का?"

"जगलं."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, आणि मी तो शोधायला नको होता. त्यांनी घागर आतून बाहेरून राखेनं घासली, तीनदा विसळली, ताजं पाणी भरून तिवईवर ठेवली. हे सगळं होईपर्यंत मी दारात उभी. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "जगवलं न्हवं तुमी? आता मारायचं बगा."

पेशी वाढल्यावर मी पहिली तपासणी केली ती त्या खुणेची. खूण होती. दिव्याखाली आलेला चोर अजून तिथंच उभा आहे. तो तिथं का आला हे मी थोडंफार समजले आहे, पुष्कळ समजायचं बाकी आहे. त्याला तिथंच गाठून मारायचं मात्र मला अजून जमलेलं नाही. बशीत जमतं, फ्लास्कमध्ये निम्मं जमतं, आणि उरलेल्या निम्म्या पुन्हा वाढतात.

तेव्हापासून दर अक्षय तृतीयेला मी परभणीहून नवी घागर घेऊन वालूरला जाते. मावशी ती भरतात, आधी त्यांना पाणी देतात, मग मला. पहिल्या वर्षी विचारलं होतं, जगलं का. आता दर वर्षी विचारतात, "मेलं का?"

यंदाही विचारलं. मी म्हणाले, "अजून न्हाई, मावशी."

"मग हितं बसलीस कामून?" ताट वाढत त्या म्हणाल्या. "जेव आन् जा."

मी जेवले आणि पहिल्या जीपनं परत निघाले.